बॉबी ऑर: फक्त ६५७ सामने खेळलेला माणूस सर्वात मोठा ठरू शकतो का?

अमेय_सॉमरविल

नमस्कार मंडळी. क्रिकेट, टेनिस, फुटबॉलचे धागे इथे रोज वर येतात, पण आइस हॉकीवर कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून म्हटलं आपणच सुरुवात करू. बोस्टनमध्ये राहून हा खेळ टाळताच येत नाही. टीडी गार्डनच्या (आमच्या बोस्टन ब्रुइन्स टीमचं स्टेडियम) बाहेर एक ब्राँझचा पुतळा आहे, माणूस हवेत आडवा, दोन्ही हात पसरलेले, चेहऱ्यावर आनंद मावत नाहीये. तो बॉबी ऑर. १० मे १९७० चा क्षण आहे तो, आणि पुतळा बरोबर ४० वर्षांनी त्याच तारखेला २०१० मध्ये बसवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म २० मार्च १९४८, पॅरी साउंड नावाचं ओन्टॅरिओतलं छोटं गाव. वडील डग ऑर डायनामाइटच्या कारखान्यात पेट्या भरायचे, आई कॉफी शॉपमध्ये काम करायची. पोरगं गोठलेल्या नदीवर आणि खाडीवर खेळत मोठं झालं. १२ वर्षांचा असताना बोस्टन ब्रुइन्सच्या लोकांच्या नजरेत भरला, १४ व्या वर्षी टीमने बांधून घेतला, १८ व्या वर्षी एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सर्वात मोठी लीग) आला. आणि तिशीत निवृत्त! म्हणजे ज्या वयात बाकीचे खेळाडू जरा शहाणे व्हायला लागतात त्या वयात याचं संपलं. एकूण सामने ६५७, त्यातले शेवटचे २६ शिकागोकडून, आणि ते न खेळल्यासारखेच.

तरी माझं मत असं आहे की या खेळात त्याच्याएवढा मोठा कोणी झाला नाही. आणि दुसरं मत, ज्याच्यावर मला जास्त चर्चा हवी आहे: त्याचं वाटोळं गुडघ्याने केलं असं सगळे म्हणतात, मला वाटतं त्याच्या एजंटने गुडघ्यापेक्षा जास्त नुकसान केलं. तुम्हाला काय वाटतं?

वैशाली_ब्रॅम्प्टन

धागा काढल्याबद्दल आधी धन्यवाद, पण पहिल्याच मुद्द्यावर कडाडून विरोध :) ग्रेट्स्की! विषय संपला. १४८७ सामने, ८९४ गोल, १९६३ असिस्ट (गोलसाठी दिलेले पास), आणि दोन्हींची बेरीज म्हणजे पॉइंट्स. त्याचे सगळे गोल बाजूला काढून ठेवले तरी नुसत्या असिस्टच्या जोरावर तो एकूण पॉइंट्सच्या यादीत पहिलाच राहतो, एवढं अंतर आहे. गोलचा विक्रम ओवेचकिनने एप्रिल २०२५ मध्ये मोडला ते ठीक, बाकीच्यांना कोण हात लावणार? आमच्या इथून ब्रँटफर्ड तासाभरावर आहे, त्याच्या वडिलांनी घरामागे पाणी सोडून रिंक केली होती त्याच्या गोष्टी इथली शाळेतली मुलंसुद्धा सांगतात.

शिवाजीपार्क_कट्टा

आइस हॉकीतलं मला शून्य कळतं. पक म्हणजे ती काळी चकती एवढंच माहीत. पण धागा वाचतोय, कोणीतरी आम्हा पामरांना सांगा की हा माणूस नक्की करायचा काय? बचावपटू होता म्हणताय ना, मग पॉइंट्सचं काय कौतुक?

अमेय_सॉमरविल

@शिवाजीपार्क_कट्टा, हाच तर मुद्दा आहे! बर्फावर एका बाजूचे सहा जण असतात, एक गोली, दोन डिफेन्समन, तीन फॉरवर्ड. ऑरच्या आधी डिफेन्समनचं काम ठरलेलं, मागे थांबा, समोरच्याला अडवा, पक हातात आला की फॉरवर्डला द्या आणि परत मागे. या पठ्ठ्याने पक घेतला की स्वतःच सुटायचा, अख्खी रिंक पार करून गोल मारायचा आणि समोरचे उलट सुटायच्या आत परत आपल्या जागेवर हजर. हे नुसतं धाडस नाही, त्याच्याकडे परत येण्याचा वेगच तसा होता.

१९६९-७० मध्ये १२० पॉइंट्स करून तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. डिफेन्समन पहिला येणं हे त्याआधी कधीच घडलं नव्हतं, आणि त्याने १९७४-७५ मध्ये ते पुन्हा करून दाखवलं. त्याच्याशिवाय आजपर्यंत कोणाही डिफेन्समनला जमलेलं नाही. १९७०-७१ चे १३९ पॉइंट्स हा डिफेन्समनचा विक्रम अजून उभा आहे.

सुहास_जोशी

आणि त्याच सीझनचा प्लस-मायनस विसरू नका, अधिक १२४! म्हणजे तो बर्फावर असताना, एक माणूस जास्त असताना मारलेले गोल सोडून हिशेब धरला तर त्याच्या टीमने खाल्ले त्यापेक्षा १२४ जास्त मारले. तेव्हा सीझन ७८ सामन्यांचा होता. सामन्यामागे दीड गोलाहून जास्त फरक एकटा माणूस पाडतोय. वैशालीताई, ग्रेट्स्कीचा सर्वात चांगला आकडासुद्धा याच्या बराच खाली आहे.

नॉरिस ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम डिफेन्समनची, सलग आठ वर्षं याच्याकडे. १९६७ मध्ये ती हॅरी हॉवेलला मिळाली होती तेव्हा हॉवेल म्हणाला होता की बरं झालं यंदाच मिळाली, इथून पुढे ही त्या पोराचीच असणार आहे. ऑरचा तो पहिलाच सीझन होता!

वैशाली_ब्रॅम्प्टन

सुहास, तो आकडा कुठल्या काळातला आहे तेही सांगा ना. १९६७ मध्ये लीग सहा टीम्सची एकदम बारा झाली. नंतर चौदा, मग सोळा. शिवाय १९७२ पासून दुसरी लीग निघाली आणि बरेच खेळाडू तिकडे गेले. नव्या टीम्सना धड खेळाडू मिळत नव्हते, ब्रुइन्ससारखी टीम त्यांना धुवून काढायची. त्या १२४ मध्ये ब्रुइन्सची बाकीची फळीपण आहे, फिल एस्पोसिटोने त्याच सीझनला ७६ गोल मारले होते. सगळं श्रेय एकट्या ऑरला कसं द्यायचं?

सुहास_जोशी

मुद्दा मान्य आहे, लीग पातळ झाली होती हे खरंच. पण त्या पातळ लीगचा फायदा सगळ्यांनाच होता ना? मग त्या सीझनला बाकी कुठल्या डिफेन्समनला त्याच्या निम्मेही पॉइंट्स का जमले नाहीत? आणि एस्पोसिटोला पक कुठून मिळायचा? उलट बाजूने बघा, ग्रेट्स्कीचा ऐंशीच्या दशकातला काळ तर गोलांचा पाऊस होता, सामन्याला आठ-आठ गोल पडायचे. काळाचा हिशेब लावायचा तर दोघांनाही लावा.

गणूकाका_पिट्सबर्ग

तुम्ही दोघं भांडा, आमच्या मारिओ लेम्यूचं नाव कोणी घेणार की नाही? आम्ही इथे आलो तेव्हा देवळात जायचं आणि इथल्या पेंग्विन्स टीमची मॅच बघायची हे दोनच विरंगुळे होते. पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराच्या देवळात प्रसादाच्या रांगेत मी लोकांना लेम्यूवर बोलताना ऐकलंय. १९९३ मध्ये त्याला कॅन्सर झाला, हॉजकिन्स. रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी सकाळी उपचार घेऊन हा गृहस्थ संध्याकाळी फिलाडेल्फियात खेळायला उतरला, एक गोल एक असिस्ट. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक, जे स्वतःच्या माणसांनाही सोडत नाहीत, ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. २४ सामने चुकवूनही त्या वर्षी पॉइंट्समध्ये पहिला आला.

पण ऑरबद्दल एक सांगतो. इथले माझ्या वयाचे लोक लेम्यू, ग्रेट्स्की दोघांबद्दल भरभरून बोलतात, वाद घालतात. ऑरचं नाव निघालं की वाद थांबतो. "तो धड राहिला असता तर" एवढंच म्हणतात.

मुक्ता_के

मस्त धागा. त्या प्रसिद्ध फोटोबद्दल कोणी लिहा ना. तो फोटो मी कुठल्या तरी बारमध्ये पाहिला होता, वाटलं होतं कोणी सर्कसवाला आहे :)

अमेय_सॉमरविल

@मुक्ता_के, ऐका तर मग, पुतळ्यातला क्षण तोच. स्टॅनली कपची (एनएचएलचा विजेतेपदाचा चषक) फायनल, समोर सेंट लुईस ब्लूज. ब्रुइन्स तीन सामने जिंकलेले, चौथा सामना ३-३ वर अडकून ओव्हरटाइममध्ये गेला. बोस्टनने १९४१ नंतर कप बघितला नव्हता, २९ वर्षं. मे महिना, बाहेर उकाडा, जुन्या बोस्टन गार्डनमध्ये एसी नाही, आत लोक घामाने निथळताहेत. ओव्हरटाइम सुरू होऊन ४० सेकंद झाले. ऑरने पक कोपऱ्यात डेरेक सँडरसनकडे ढकलला आणि स्वतः गोलकडे धावला, सँडरसनने परत दिला, ऑरने गोली ग्लेन हॉलच्या पायांमधून आत सारला. त्याच क्षणी नोएल पिकार्डने मागून काठी घालून त्याचा पाय उचलला आणि हा हवेत. पण पक आत गेलेला त्याने आधीच पाहिला होता, म्हणून तो पडता पडता हात वर करून आनंद करतोय!

फोटो काढला रे लुसियर नावाच्या फोटोग्राफरने. त्याची जागा रिंकच्या दुसऱ्या टोकाला होती. ओव्हरटाइममध्ये गोल इकडे पडणार हे ओळखून तो इकडे आला तर एका फोटोग्राफरचं स्टूल रिकामं, तो म्हणे उकाड्याने बिअर आणायला गेला होता. लुसियर त्या स्टुलावर बसला आणि हा फोटो मिळाला.

मुक्ता_के

आणि बिअर आणायला गेलेल्याचं काय झालं असेल! आयुष्यभर घरी बायको ऐकवत असेल.

डॉ_समीर_नाशिक

मी हाडांचा डॉक्टर आहे, त्यामुळे गुडघ्याचा मुद्दा माझा. अमेय, तुम्ही गुडघ्याला फार स्वस्तात सोडलंत.

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, मेनिस्कस. वजन पसरवणं आणि धक्का शोषणं हे त्यांचं काम. आज ती गादी फाटली तर आम्ही दुर्बिणीतून बघतो, शक्य असेल तर टाके घालतो, नाहीतर फाटलेला तेवढाच तुकडा काढतो, कारण जेवढी गादी राहील तेवढी चांगली. १९६७-६८ मध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया रोजच्या वापरात नव्हती. गुडघा सरळ उघडायचे आणि गादी पूर्ण काढून टाकायचे, तेव्हाची समज अशी की तिचा फार उपयोग नाही. गादी गेली की हाडावरचं गुळगुळीत अस्तर झिजायला लागतं, मग हाडाला हाड घासतं, हाडाचे कण सुटतात, ते काढायला परत शस्त्रक्रिया, परत सूज.

ऑरच्या डाव्या गुडघ्यावर डझनाहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या असं सांगतात. आणि हा माणूस ज्या प्रकारे खेळायचा, पूर्ण वेगात एकदम वळायचं, थांबायचं, परत सुटायचं, त्यात सगळा पीळ गुडघ्यावरच येतो. विशीतच त्याचा गुडघा साठीचा झाला असणार. जी मोठी वर्षं तुम्ही मोजताय ती सगळी त्याने असल्या गुडघ्यावर खेळली आहेत, हे मला त्याच्या ट्रॉफ्यांपेक्षा जास्त थक्क करतं. आज जन्मला असता तर पंधरा वर्षं खेळला असता, हे मी डॉक्टर म्हणून बोलतोय.

शिवाजीपार्क_कट्टा

डॉक्टर, फार छान समजावलंत. आमच्याकडे फास्ट बॉलर्सच्या पाठीचं असंच ऐकतो.

लेह_निवृत्त

थोडं अवांतर. सैन्यात असताना हिवाळ्यात लेहला होतो. तिथे तळं गोठलं की आइस हॉकी सुरू व्हायची, लडाख स्काउट्सची पोरं काय खेळायची! लडाखमध्ये हा खेळ रुजवण्यात सैन्याचा मोठा वाटा आहे. नैसर्गिक बर्फ, तोही वर्षातून दोन-अडीच महिने, त्यावर शिकलेल्या आपल्या मुलींनी २०२५ मध्ये महिलांच्या आशिया कपमध्ये कांस्य आणलं. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकेनहायझर आणि अँड्र्यू फेरेन्स लेहला आले होते मुलांना शिकवायला. हा फेरेन्स म्हणजे बोस्टनने २०११ ला कप जिंकला त्या टीममधला डिफेन्समन, म्हणजे ऑरच्याच घराण्यातला म्हणायचा.

गोठलेल्या तळ्यावर शिकलेला खेळाडू वेगळा ओळखू येतो. तिथे रिंकसारख्या भिंती नसतात, बर्फ खडबडीत असतो, पक भलतीकडे उडतो, त्यामुळे काठी आणि नजर फार पक्की होते. ऑर खाडीवर शिकला हे वाचून नवल वाटलं नाही.

अमेय_सॉमरविल

वा सर! अशाच अवांतरासाठी धागे काढायचे.

काठीवरून आठवलं, ऑरच्या काठीच्या पात्यावर टेपची फक्त एक पट्टी असायची. बाकी खेळाडू अख्खं पातं गुंडाळतात म्हणजे पक चिकटून राहतो. याला पकची जाणीव थेट लाकडातून हवी असायची. आणि स्केट्समध्ये मोजे घालायचा नाही! अनवाणी पाय थेट बुटात. नखाएवढ्या जाडीच्या दोन पात्यांवर तोल सांभाळायचा तर मध्ये कापडसुद्धा नको.

आता डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं मान्य, पण मी एजंटचा मुद्दा सोडत नाही. कोणाला अ‍ॅलन ईगलसन प्रकरण माहीत आहे का?

सुहास_जोशी

माहीत आहे, आणि अजूनही संताप येतो.

सुरुवात १४ व्या वर्षाच्या करारापासून करायला हवी. तेव्हा सी-फॉर्म नावाचा कागद असायचा. पोराने आणि आईबापांनी त्यावर सही केली की पोरगा त्या टीमचा झाला, दुसरीकडे जायची सोय नाही. ब्रुइन्सने ऑरच्या सहीसाठी काय दिलं? थोडी रोख रक्कम, एक गाडी आणि घराला बाहेरून गिलावा करून देण्याचं कबूल केलं. गिलावा! जो मुलगा पुढे अख्खी फ्रँचायझी उभी करणार होता त्याची ही किंमत.

१९६६ मध्ये खरा करार करायची वेळ आली तेव्हा डग ऑरने टोरांटोचा एक तरुण वकील गाठला, तो ईगलसन. त्याने ब्रुइन्सला वाकवून त्या काळात नवख्या खेळाडूला कोणी देत नव्हतं एवढं मानधन मिळवून दिलं. खेळाडूच्या वतीने वकील येऊन बसतो हेच मालकांना नवीन होतं. त्या एका कराराने ईगलसनचं नाव झालं, १९६७ मध्ये खेळाडूंची युनियन निघाली तिचा तो प्रमुख झाला. १९७१ मध्ये ऑरला वर्षाला २ लाख डॉलर, पाच वर्षं, लीगमधला पहिला दहा लाखांचा करार. ऑर त्याला भावासारखं मानायचा, पैशाचं सगळं त्याच्यावर सोडलेलं.

मग १९७६. करार संपला, गुडघा गेलेला. ब्रुइन्स नवीन करार देत होते आणि त्यात टीमची साडेअठरा टक्के मालकी देऊ करत होते. साडेअठरा टक्के! ईगलसनने ऑरला सांगितलं की शिकागोची ऑफर जास्त चांगली आहे. ऑर शिकागोला गेला. मालकीची गोष्ट त्याला नंतर कळली. ईगलसन आणि शिकागोचे मालक यांचं सख्य होतं हेही नंतर बाहेर आलं.

गणूकाका_पिट्सबर्ग

सुहास, इथेच आमचा लेम्यू आठवतो बघ. पेंग्विन्स दिवाळखोरीत गेले तेव्हा लेम्यूचं कोट्यवधी डॉलरचं थकलेलं मानधन टीमकडे होतं. त्याने ते मालकीत बदलून घेतलं आणि १९९९ मध्ये स्वतःच मालक झाला, टीम गावात राहिली. २००० च्या डिसेंबरात परत खेळायलाही उतरला, मालक स्वतः बर्फावर! चांगली माणसं सोबत असली की काय होऊ शकतं आणि नसली की काय होतं, याची ही दोन टोकं. ब्रुइन्सची साडेअठरा टक्के आज काय भावाने गेली असती त्याचा विचार करा.

निलेश_कोथरूड

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. २८ वर्षांचा माणूस, देशातला सर्वात प्रसिद्ध खेळाडू, त्याने स्वतःचा करार वाचायला नको? ईगलसनचं तर म्हणणं होतं की मी त्याला सांगितलं होतं. आणि त्याच ईगलसनने १९७२ ची रशियाविरुद्धची मालिका घडवून आणण्यात पुढाकार घेतला, खेळाडूंना युनियन मिळवून दिली. सगळं काळंच रंगवू नये. आपल्याकडेही लोक न वाचता सह्या करतात आणि नंतर फसवलं म्हणतात.

वैशाली_ब्रॅम्प्टन

निलेश, ग्रेट्स्कीवरून मी ऑरवाल्यांशी कितीही भांडले तरी इथे मी पूर्णपणे ऑरच्या बाजूने आहे. ईगलसनचं प्रकरण नुसत्या एका सहीचं नव्हतं. तो युनियनचा प्रमुख, त्याच वेळी कित्येक खेळाडूंचा खासगी एजंट, आणि कॅनडा कपसारख्या देशादेशांमधल्या स्पर्धांचा आयोजकपण तोच. म्हणजे खेळाडूच्या वतीने मालकांशी भांडायचं कोणी, तर मालकांशी ज्याचे धंद्याचे संबंध आहेत त्याने! जखमी खेळाडूंच्या विम्याच्या पैशातून त्याने स्वतःचं कमिशन काढलं. ज्यांचं करिअर संपलंय अशा माणसांकडून.

हे बाहेर काढलं कोणी? बोस्टनजवळच्या लॉरेन्स गावातल्या एका छोट्या पेपरच्या रस कॉन्वे या क्रीडा पत्रकाराने, १९९१ पासून. मोठमोठे पेपर गप्प बसले होते. आणि कार्ल ब्रूअरसारखे जुने खेळाडू पेन्शनसाठी कोर्टात गेले. शेवटी १९९८ च्या जानेवारीत ईगलसनने बोस्टनच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, १० लाख कॅनेडियन डॉलर दंड, मग टोरांटोच्या कोर्टात १८ महिन्यांची शिक्षा. त्यातले सहा महिने आत काढले. हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांची मानाची यादी) त्याला सन्मान मिळालेला होता, ऑरसकट १८ जणांनी सांगितलं की हा राहणार असेल तर आमची नावं काढा. तेव्हा त्याने राजीनामा दिला.

वाचायला हवं होतं हे बोलणं सोपं आहे. १८ व्या वर्षापासून जो माणूस घरच्यासारखा वागतोय त्याचे कागद कोण तपासतं?

निलेश_कोथरूड

विम्याच्या पैशाचं मला माहीत नव्हतं. ते वाचून त्याच्या बाजूने बोलायची इच्छा गेली. पण युनियनचं श्रेय मी त्याला देणार, ते वेगळं.

अमेय_सॉमरविल

शिकागोचा भाग राहिला. १९७६-७७ मध्ये २० सामने, पुढचं अख्खं वर्ष बसून, मग ६ सामने आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये निवृत्ती. त्या काळातले शिकागोचे पगाराचे चेक त्याने वटवलेच नाहीत. म्हणायचा मला खेळायचे पैसे मिळतात, मी खेळत नाहीये तर घेऊ कसे. आणि त्याच सुमारास हिशेब तपासले तर कळलं की मालमत्तेपेक्षा देणंच जास्त आहे! ईगलसनच्या भरवशावर हा माणूस कंगाल झाला होता आणि तरी न खेळलेल्या दिवसांचा पगार घेत नव्हता. डॉक्टर, म्हणून म्हणतो गुडघा त्याच्यातल्या खेळाडूला संपवत होता, पण हे त्याहून वाईट होतं.

डॉ_समीर_नाशिक

अमेय, तुमची बाजू आता पटायला लागली आहे. फक्त एक भर. १९७६ च्या सप्टेंबरात कॅनडा कप झाला, तेव्हा ऑरचा गुडघा इतका खराब होता की सरावालाही त्रास. १९७२ ची मालिका त्याला गुडघ्यामुळे खेळता आली नव्हती, टीमबरोबर मॉस्कोला गेला पण सामन्यात उतरला नाही, म्हणून या वेळी हट्टाने खेळला. आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्यानंतर शिकागोकडून खेळायला उतरला तेव्हा गुडघ्यात शिल्लक काहीच नव्हतं. शेवटचं जे होतं ते त्याने देशासाठी वापरलं असं मला वाटतं.

अनुजा_र

मी इतका वेळ वाचत होते, आता विचारते. निवृत्तीनंतर काय केलं त्याने? असे लोक नंतर कडवट होतात किंवा बाटलीत बुडतात.

सुहास_जोशी

अनुजा, उलट. हॉल ऑफ फेमने तीन वर्षं थांबायची अट बाजूला ठेवून १९७९ मध्येच त्याला घेतलं, वय ३१. जानेवारी ७९ मध्ये बोस्टनने त्याचा ४ नंबर वर चढवला, म्हणजे तो नंबर परत कोणाला द्यायचा नाही, पुढे रशियन टीमबरोबर प्रदर्शनी सामना होता, पण लोक टाळ्या थांबवेनात, सामना खोळंबून राहिला.

आणि बाटलीवरून सांगतो. तो गोल ज्याच्या पासवर पडला तो डेरेक सँडरसन. १९७२ मध्ये त्याला दुसऱ्या लीगने २६ लाख डॉलरचा करार दिला, तेव्हा जगातल्या सर्वात महागड्या खेळाडूंपैकी एक. दारू आणि ड्रग्जमध्ये सगळं गेलं, न्यूयॉर्कमध्ये पार्कात झोपायची वेळ आली. त्याला उचलून व्यसनमुक्तीत ऑरने नेलं, खर्च ऑरने केला. सँडरसन सावरला आणि पुढे खेळाडूंना पैसे कसे सांभाळायचे याचा सल्ला द्यायचं काम करू लागला.

ऑर स्वतः पुढे काय झाला माहीत आहे? एजंट! ज्या धंद्याने त्याला बुडवलं त्याच धंद्यात शिरला, कारण दुसऱ्या पोरांचं तसं होऊ नये. कॉनर मॅकडेव्हिड लीगमध्ये आला तेव्हा ऑरच्याच कंपनीचा होता.

मुक्ता_के

हे फार आवडलं. अंगावर काटा आला.

निलेश_कोथरूड

२०२० च्या निवडणुकीत त्याने ट्रम्पच्या बाजूने पेपरात पानभर जाहिरात दिली होती ना? बोस्टनमध्ये बरेच चाहते नाराज झाले होते.

अमेय_सॉमरविल

दिली होती, न्यू हॅम्पशरच्या पेपरात. माझ्या शेजारच्या आजोबांनी तेव्हा त्याचा फोटो भिंतीवरून काढला होता, आता परत लावलाय. राजकारणाला दुसरा धागा काढू, इथे नको.

शिवाजीपार्क_कट्टा

मग मूळ प्रश्नाचं काय ठरलं? मी आता यूट्यूबवर जाऊन बघून आलो. मला नियम कळत नाहीत, तरी एक गोष्ट दिसली. बाकीचे सगळे धावताहेत आणि हा एकटा फिरायला निघाल्यासारखा त्यांच्यामधून जातोय. एक क्लिप आहे, ऑरच्या टीमचा एक खेळाडू बाहेर आहे, म्हणजे माणूस कमी, आणि हा पक घेऊन नुसता गोलगोल फिरतोय, समोरचे चार-पाच जण मागे लागलेत, कोणाला मिळत नाहीये. माझं मत ऑरला.

वैशाली_ब्रॅम्प्टन

कट्टाभाऊ, पहिल्याच दिवशी पक्ष घेतलात! माझं मत अजून ग्रेट्स्कीलाच. वीस वर्षं रोज तसंच खेळत राहणं ही पण एक मोठी गोष्ट आहे आणि ती मी मोजणार. पण एक मान्य करते. ग्रेट्स्कीने विक्रम केले, खेळायची पद्धत मात्र ऑरने बदलली. आज जे डिफेन्समन पुढे येऊन खेळतात, पॉल कॉफीपासून केल मकारपर्यंत, ते सगळे त्याच्याच वाटेने चाललेत.

अनुजा_र

आम्ही उन्हाळ्यात टोरांटोला भाचीकडे येणार आहोत. पॅरी साउंडला बघण्यासारखं काही आहे का? मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला रात्री सगळा धागा वाचून दाखवला.

वैशाली_ब्रॅम्प्टन

आहे की! हायवे ४०० ने सरळ उत्तरेला, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. शुक्रवारी दुपारी अजिबात निघू नका, सगळं टोरांटो कॉटेजला निघालेलं असतं. गावात खाडीच्या काठावर स्टॉकी सेंटर आहे, तिथेच बॉबी ऑर हॉल ऑफ फेम आहे. वेळा आधी फोन करून विचारा. तिथून जॉर्जियन बेच्या तीस हजार बेटांची बोटीची सफर मिळते, ती चुकवू नका. आणि डबा घेऊन निघा, रस्त्यात शाकाहारींचे हाल होतात.

गणूकाका_पिट्सबर्ग

आणि अनुजा, परतीच्या वाटेवर मुलाला लेम्यूची गोष्टपण सांग हो. एकाच बाजूने कान भरू नकोस पोराचे.